जिनमधील धूळ आणि मालकाची वही
कामगारांच्या आरोग्यावरील खर्च नेमका कोठे वाचतो?

दसरा-दिवाळीच्या सुमारास सेलूच्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागल्या, की परिसरातील जिनिंग-प्रेसिंग कारखाने सुरू होतात आणि त्यापाठोपाठ आमच्या चिकित्सालयांतील रुग्णांचे स्वरूपही पालटते. कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, नाक चोंदणे, डोळ्यांची आग, रात्री लागणारी धाप अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत रेच्यांवर काम करणारे, कापूस पसरविणाऱ्या स्त्रिया आणि गाठी वाहणारे हमाल यांचा भरणा असतो. फाल्गुन-चैत्रात हंगाम सरला की हे रुग्ण दिसेनासे होतात. ते बरे होतात म्हणून येत नाहीत, की काम संपले व गाव सोडले म्हणून येत नाहीत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अलीकडे या चित्रात एक नवी गोष्ट आली आहे. शहरातील मोठ्या कंपन्यांप्रमाणे आपल्याही कारखान्यात कर्मचाऱ्यांसाठी 'वेलनेस प्रोग्रॅम' असावा, असे काही मालकांना वाटू लागले आहे. आरोग्य तपासणी शिबिर, योगवर्ग, काढ्याचे वाटप असा आराखडा घेऊन ते वैद्याकडे येतात आणि शेवटी एक सरळ प्रश्न विचारतात, "वैद्यराज, यातून आमचा खर्च किती वाचेल?" प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्यात काही गैर नाही. मात्र त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे असेल, तर प्रथम रोग, नंतर कायदा व त्यानंतर अन्यत्र आलेला अनुभव अशा क्रमाने विचार करावा लागेल. प्रस्तुत लेखाचा तोच प्रयत्न आहे.

रोगाचे स्वरूप

कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुळीमुळे होणाऱ्या श्वसनरोगास आधुनिक वैद्यकात 'बिसिनोसिस' म्हणतात. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात ताग व अंबाडी पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची व धापेची नोंद केली होती. या रोगाचे एक लक्षण मोठे बोलके आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी, काम सुरू झाल्यापासून काही तासांनी छाती आवळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास कमी होतो. म्हणूनच पाश्चात्त्य गिरण्यांत त्याला सोमवारचा आजार म्हणत. काही वर्षे गेली की हा त्रास आठवड्याच्या सर्व दिवशी होऊ लागतो आणि पुढे फुप्फुसांची शक्ती कायमची घटते. प्रारंभीच्या अवस्थेत धुळीचा संबंध तुटला तर रुग्ण सावरतो. उत्तर अवस्थेत गेलेली शक्ती परत मिळत नाही. सूतगिरणीच्या पिंजण विभागात हा रोग अधिक आढळतो. परंतु जिनमधील कचरा, पत्ती व बोंडाचे कण यांपासूनही धोका असतोच. त्यात विडीची भर पडली तर हानी वाढते.

आपल्या शास्त्राला हे अपरिचित नाही. चरकाचार्यांनी हिक्का-श्वास चिकित्सेच्या अध्यायात हेतू सांगताना धूळ व धूर यांचा आरंभीच उल्लेख केला आहे. त्याहून महत्त्वाचा विचार विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात आहे. प्रकृती, आहार, बल, वय ही सर्व भिन्न असूनही अनेक माणसे एकाच वेळी एकाच रोगाने पीडित होत असतील, तर हेतू त्या माणसांत नसून सर्वांना समान असलेल्या वायू, उदक, देश व काल यांत शोधावा, असा तो विचार आहे. एकाच रेचेघरातील वातप्रकृतीचा तरुण व कफप्रकृतीची प्रौढ स्त्री हे दोघेही खोकत असतील, तर प्रत्येकाच्या नाडीबरोबर त्या घराच्या हवेचीही परीक्षा व्हावयास हवी.

कायद्याची चौकट

येथे एक बाब आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आलेली नसते. कारखान्यातील कामगार म्हणजे राज्य विमा योजनेचा सभासद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातून मात्र हंगामी कारखाने वगळलेले होते आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत कापसाचे जिनिंग व प्रेसिंग यांचा नावानिशी समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा अपवाद कायम राहिला आहे. परिणामी, ज्याचा उद्योग केवळ जिनिंग-प्रेसिंगचा आहे अशा कारखान्यातील मजुरास या योजनेचे औषधोपचार नाहीत व आजारपणाच्या काळातील भत्ताही नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस तिच्यात समाविष्ट होता. ही जबाबदारीही आता नव्या संहितेत आली आहे. म्हणजे जेथे राज्य विम्याचे छत्र नाही, तेथे अपघाताची व व्यवसायजन्य रोगाची भरपाई कायद्याने थेट मालकावर येते. मजूर हंगामी असतो, त्याच्याकडे कागद नसतो व रोगाचे नाव कोणी लिहून दिलेले नसते, म्हणून हा खर्च प्रत्यक्षात वहीत उतरत नाही, एवढेच.

वहीत न उतरणारा आणखी एक खर्च गैरहजेरीचा आहे. उदाहरणादाखल ४० मजुरांचा एक कारखाना घेऊ. दमा-खोकल्यामुळे प्रत्येकाचे महिन्याला २ दिवस बुडतात असे गृहीत धरले, तर ६ महिन्यांच्या हंगामात ४८० मनुष्यदिवस वाया जातात. रोजंदारीच्या मजुरास न आलेल्या दिवसाचा रोज मिळत नाही. त्यामुळे मालकास वाटते की आपले काही गेले नाही. परंतु रेचे अपुऱ्या माणसांवर चालतात, नवखा माणूस यंत्रावर उभा करावा लागतो, अपघाताचा संभव वाढतो आणि दिलेली उचल अंगावर राहते. मजुराच्या घरी तर त्या ४८० दिवसांचा रोज बुडालेला असतोच. शिवाय औषधाचा खर्च निराळा. तेव्हा 'खर्च वाचला' असे म्हणताना तो खरोखरच वाचला, की मालकाच्या वहीतून निघून मजुराच्या खिशावर पडला, हे पाहणे आवश्यक ठरते.

अन्यत्र आलेला अनुभव

या बाबतीत आपल्याच विदर्भात एक जुने उदाहरण आहे. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे काढलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आरंभी कामगारांची गैरहजेरी ही तेथील मोठी अडचण होती. दंड वाढविण्याऐवजी त्यांनी गिरणीत हवा खेळती ठेवण्याची व हवेतील आर्द्रता राखण्याची यंत्रे बसविली, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था केली आणि १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला. पुढे अपघाताची भरपाई देण्यासही आरंभ केला. भरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते. ती गिरणी आज नाही. तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे आहे. तिचा धडा मात्र शिल्लक आहे. तेथे आधी हवा सुधारली गेली व माणसाला उद्याची शाश्वती दिली गेली, उपदेश त्यानंतरचा.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यविम्याचा मोठा भार मालकावर असतो. म्हणून या विषयाचा हिशेब तेथे काटेकोरपणे मांडला गेला आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की अशा कार्यक्रमांवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर व गैरहजेरीच्या खर्चात सुमारे २.७३ डॉलर वाचतात. हा आकडा जगभर गाजला. मात्र पुढे अधिक कठोर पद्धतीने, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत त्याप्रमाणे, प्रयोग करण्यात आले. इलिनॉय विद्यापीठातील सुमारे ५ हजार कर्मचाऱ्यांवरील प्रयोगात कार्यक्रमामुळे वैद्यकीय खर्च घटल्याचे दिसले नाही. जे स्वेच्छेने सहभागी झाले ते मुळातच अधिक निरोगी व कमी खर्चाचे होते, असे आढळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एका मोठ्या दुकानसाखळीतील सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवरील प्रयोगातही १८ महिन्यांनंतर काही सवयी सुधारल्याचे लोकांनी स्वतः सांगितले. परंतु रक्तदाब, रक्तशर्करा, खर्च व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक नव्हता. विशेष म्हणजे २०१० च्या आढाव्यातील प्रमुख संशोधिकाच या प्रयोगातही सहभागी होत्या. आपलेच अनुमान पुन्हा पारखण्याची ही वृत्ती आपणही घेण्याजोगी आहे.

मग सारेच व्यर्थ काय? तसे नाही. रँड या संस्थेने पेप्सिको कंपनीच्या कार्यक्रमाचा अनेक वर्षांचा हिशेब २०१४ मध्ये मांडला. त्यात सर्वसामान्य जीवनशैली-उपदेशावरील प्रत्येक डॉलरमागे केवळ ०.५० डॉलर परत आला. मात्र ज्यांना आधीच दीर्घकालीन रोग आहे अशांचा नियमित पाठपुरावा करण्यावरील प्रत्येक डॉलरमागे ३.८० डॉलर परत आले. या साऱ्याचे सार आयुर्वेदाच्या परिभाषेत सांगता येते. वर्षातून एकदा सर्वांना सारखेच सांगितल्याने फारसे साधत नाही. ज्याला रोग आहे त्याच्या सातत्यपूर्ण सांभाळाने साधते. आणि सुश्रुताचार्यांनी ज्याला थोडक्यात चिकित्साच म्हटले आहे, ते निदान-परिवर्जन, म्हणजे हेतू दूर करणे, हा तर त्याच्याही आधीचा उपाय होय.

एक चूक

येथे स्वतःचा एक अनुभव सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या मालकाच्या आग्रहावरून मी मजुरांची तपासणी केली. सर्वांना औषधे दिली, छायाचित्रे निघाली, सत्कारही झाला. तपासणीची यादी मालकाने मागितली व मी ती दिली. कोणास धाप आहे, कोणास जुना खोकला आहे, हे त्यात नावानिशी लिहिलेले होते. पुढील हंगामात त्यांतील बरीच माणसे कामावर दिसली नाहीत. त्यांपैकी एक जण माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही कागदावर लिहिलं आन् माझं काम गेलं." मालकाचा खर्च वाचला होता, हे खरे. परंतु ज्या हवेने तो मनुष्य आजारी पडला ती हवा तशीच होती आणि त्याच्या जागी दुसरा निरोगी मनुष्य उभा होता. दोष यादी मागणाऱ्याइतकाच यादी देणाऱ्याचा होता. पुढील रूपरेषेतील पहिले कलम या अनुभवातून आले आहे.

कार्यक्रमाची रूपरेषा

१. गोपनीयता : तपासणीचा निष्कर्ष केवळ त्या कामगारास द्यावा. मालकास नावे न देता विभागवार संख्या द्यावी. जसे, रेचेघरात इतक्यांना त्रास आहे, प्रेसमध्ये इतक्यांना. 'रेचेघराची हवा बिघडली आहे' हे कळण्यास तेवढे पुरते. ही अट आरंभीच लेखी मान्य करून घ्यावी. मान्य नसल्यास काम स्वीकारू नये.

२. हेतूचे परिवर्जन : धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ओढून घेणारी व्यवस्था, कापूस हातांनी न वाहता नळीतून नेण्याची सोय, माणसे घरी गेल्यावर झाडलोट, या गोष्टींना अग्रक्रम द्यावा. रेच्यांच्या रुळांवर क्रोमयुक्त चामडे असल्यास त्यांना खाचा पाडण्याचे काम स्वतंत्र खोलीत व्हावे, कारण त्या भुकटीत क्रोमियम असते; चामड्याऐवजी रबर व कापडाचे रूळही निघाले आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणासाठी स्वतंत्र विभाग होता व त्याचा लाभ घेऊन अनेक कारखाने सुधारले. स्वच्छ रुईस भाव अधिक मिळतो, ही गोष्ट मालकास निराळी सांगावी लागत नाही. तोंडावर बांधलेल्या दुपट्ट्याने स्थूल धूळ अडते, सूक्ष्म धूळ अडत नाही. म्हणून योग्य प्रतीचे मास्क आवश्यक होत.

३. परीक्षण : हंगामाच्या आरंभी, मध्ये व शेवटी प्रत्येकाची तपासणी करावी. श्वासवेग मोजणारे साधे उपकरण, म्हणजे पीक फ्लो मीटर, स्वस्त असून वापरण्यास सोपे आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कामापूर्वी व काही तासांनी पुन्हा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकर घेऊन सर्वोत्तम आकडा नोंदवावा. तो स्पष्टपणे घसरत असेल तर सेवाग्राम अथवा सावंगी येथील रुग्णालयात फुप्फुसांच्या तपासणीसाठी पाठवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयाची तपासणी प्रथम; काढा नंतर.

४. स्वस्थवृत्त : कामापूर्वी व कामानंतर अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य, कोमट पाण्याचा कवल, कामानंतर स्नान व वस्त्रबदल हे उपाय सोपे व अल्पखर्चाचे आहेत. यांनी ऊर्ध्व श्वसनमार्गास आराम मिळतो. फुप्फुसात गेलेली धूळ मात्र निघत नाही, हे स्पष्ट सांगावे. गूळ खाल्ला की छातीतील रुई उतरते, या समजुतीबाबतही तसेच. खर्रा व विडी सोडविण्यासाठी एका भाषणाने भागत नाही. दर आठवड्याला त्याच माणसाची विचारपूस करावी लागते.

५. वेगधारण : चरक व वाग्भट या दोघांनीही अधारणीय वेगांवर स्वतंत्र अध्याय लिहिले आहेत. कारखान्यात स्त्रियांसाठी स्वच्छ शौचालय नसेल तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत व मूत्रवेग रोखून धरतात. मूत्रदाह व मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन त्या आपल्याकडे येतात. येथे गोक्षुरादी गुग्गुळाच्या आधी शौचालयाची चिठ्ठी लिहिली पाहिजे. मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी, ताक, पन्हे व सावलीतील विश्रांती यांची सोयही याच सदरात येते.

६. रोग्याचा सांभाळ : श्वास, प्रमेह, रक्तदाब असलेल्यांची स्वतंत्र नोंद चिकित्सालयात ठेवून दर पंधरवड्यास भेट व्हावी. त्यांना कमी धुळीच्या कामावर, रोज न घटविता, घ्यावे. सितोपलादी, तालीसादी, कंटकारी अवलेह, अडुळसा यांची योजना अवस्थेनुसार अवश्य करावी. आधुनिक औषधे चालू असल्यास ती परस्पर बंद करू नयेत.

योगाचे स्थान या सर्वांनंतर येते. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कामाच्या जागी करावयाचा पाच मिनिटांचा योगक्रम प्रसृत केला, तो उपयुक्त आहे. मात्र धुळीने भरलेल्या घरात प्राणायाम करविणे म्हणजे धूळच अधिक खोल नेणे होय. तो मोकळ्या हवेत करवावा.

पैसा कोठून आणावा?

सेलूपासून सेवाग्राम दूर नाही. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची एक योजना रुजविली. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने ऐपतीनुसार ज्वारी द्यावी, गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सहभागी असावीत आणि त्या बदल्यात रुग्णालयात उपचार मिळावेत, अशी तिची रचना होती. ज्याच्याकडे अधिक त्याने अधिक द्यावे, आजारी पडेल त्याने घ्यावे व दान घेतल्याची भावना कोणासही नसावी, हे तिचे मर्म.

हेच सूत्र कारखान्यांस लागू करता येईल. हंगामात बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक गाठीमागे मालकाने ठराविक रक्कम बाजूस काढावी, मजुराने रोजातून नाममात्र भाग द्यावा आणि सेलू-सिंदी परिसरातील कारखान्यांनी मिळून एकच निधी ठेवावा. मजूर या हंगामात एका कारखान्यात तर पुढील हंगामात दुसऱ्या कारखान्यात असतो. म्हणून निधी माणसामागे असावा, कारखान्यामागे नव्हे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजच्या खोकल्यासाठी व तपासणीसाठी असा निधीच उपयोगी पडेल.

औषधी दुकानदार बंधूंचे स्थान

रोगाची पहिली बातमी वैद्यास नव्हे, तर औषधी दुकानास कळते. तोच मजूर पुनःपुन्हा कफाचे औषध मागतो, सुट्टीनंतरच्या दिवशी अशी मागणी वाढते, एकाच कारखान्यातील माणसे तेच मागतात, हे काउंटरवर बसणाऱ्यास सहज दिसते. नावे न लिहिता केवळ तारीख, कामाचा प्रकार व मागणी एवढे तीन रकाने हंगामभर भरले, तर परिसरातील वैद्यांना ते अमूल्य साधन होईल. तिसऱ्यांदा तेच औषध मागणाऱ्यास बाटली देण्याऐवजी तपासणीस पाठवावे. कारखान्यांना 'प्रतिकारशक्ती संच' घाऊक विकण्याची संधी मोहाची आहे. पण ज्या संचाने हवा बदलत नाही त्यास आरोग्य कार्यक्रम म्हणू नये.

उपसंहार

मालकाच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शिबिर, भाषण व काढा यांनी खर्च वाचेल असे आश्वासन वैद्याने देऊ नये; ते पुराव्यास धरून नाही. धूळ हटविल्याने, शौचालय व पाण्याची सोय केल्याने आणि आजारी माणसास न हटविता सांभाळल्याने गैरहजेरी, अपघात व भरपाईची टांगती तलवार या तिन्ही गोष्टी कमी होण्याची वाजवी आशा आहे. एका हंगामात हा फरक दिसेलच असे नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून हजेरीपुस्तक, अपघातांची नोंद व श्वासवेगाचे आकडे जपावेत आणि तीन हंगामांनंतर मालकासमोर ते सर्व, अनुकूल असोत वा प्रतिकूल, ठेवावेत.

येत्या हंगामाच्या आरंभी सेलू, सिंदी, केळझर या परिसरातील वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या जवळच्या निदान एका कारखान्यात जाऊन, नाडी पाहण्यापूर्वी, रेचेघरात तासभर उभे राहावे. तेथील हवा आपल्याही घशाशी आली, म्हणजे पुढील चिकित्सा कोणास लिहून द्यावयाची, याविषयी शंका उरणार नाही.